दोनशे चौदाची वायर

२ जून, सोमवार

केमी गावात पोचले एकदाची. दोन बॅगा, एक सायकल आणि कोक्कोला गावातल्या स्टुडिओतून उचललेला तिपाई स्टँड, एवढाच संसार. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून कागद गिरणीची चिमणी दिसते आणि तिच्या मागे समुद्राची एक चकचकीत पट्टी. घरमालकाने फ्रिजमध्ये अर्धी राय ब्रेड आणि लोणी ठेवलंय. वर चिठ्ठी : डास आवरायचे असतील तर खिडकी उघडू नकोस.

अकरा वर्षं शाळेतल्या पोरांचे फोटो काढले. हस रे, मान सरळ, नाक पूस. आता भिंतींचे फोटो काढायचे. भिंती डोळे मिटत नाहीत, रडत नाहीत आणि त्यांच्या आया फोन करून भांडत नाहीत. मी फार खूश आहे.

साइट घरापासून सायकलने सात मिनिटांवर. म्हाताऱ्या माणसांसाठी तीन मजली इमारत, ऑगस्टमध्ये लोक राहायला येणार. विजेच्या कामाचा सुपरवायझर राइमो. आडदांड गडी, आवाज इमारतीच्या पलीकडे जाईल असा. हात असा दाबला की बोटं मोजून घेतली. म्हणाला, "हेल्का, इथं दोनच नियम. हेल्मेट डोक्यावर आणि कॉफी वेळेवर."

४ जून, बुधवार

काम समजलं. सोपं आहे, पण चोख लागतं. भिंतीत पाइप, वायरी, डब्या बसल्या की वरून जिप्समचे बोर्ड ठोकतात. एकदा बोर्ड ठोकला की आत काय कुठून गेलंय ते कुणालाच कळायचं नाही. म्हणून बोर्ड लागायच्या आधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचा फोटो. फोटोत खोलीचा नंबर आणि तारीख लिहिलेली पाटी दिसली पाहिजे. मग नोंदवहीत सही : 'पाहिले व टिपले.' उद्या कुणी खिळा ठोकला, कुठे आग लागली, तर हाच फोटो काढून बघणार.

वायरमन सहा आहेत. त्यातल्या तैस्तोशी लगेच जमलं. वय त्रेसष्ट, पांढऱ्या मिशा, दिवसभर जुनी टँगोची गाणी गुणगुणतो. मला 'स्टुडिओवाली' म्हणतो. आज मी फोटो काढत असताना मागून म्हणाला, "अगं, भिंतीला सांग, जरा हनुवटी वर कर." नऊ वाजताची कॉफी तो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, खिडकीपाशी, लोखंडी कठड्याला टेकून पितो. आज मलाही कपभर दिली. दोन वर्षांनी निवृत्त होणार आहे. मग होडी घेणार, आणि बायकोला सांगणार नाही की मासे मिळत नाहीत.

६ जून, शुक्रवार

राइमोने केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर वेलदोड्याचे गोड पाव, ताजे. माझ्याआधी युरकी नावाचा मुलगा फोटो काढायचा. तो एप्रिलमध्ये अचानक स्वीडनला निघून गेला. मी येईपर्यंतच्या काळात दुसऱ्या मजल्यावरच्या सतरा खोल्यांच्या भिंतींवर फोटोविनाच बोर्ड ठोकून त्या बंद झाल्या. दोनशे वीस नंबर अजून उघडी आहे. तिचेच फोटो सतरा वेळा काढ, नुसती पाटी बदल, असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, मी त्या खोल्या पाहिलेल्याच नाहीत. तो हसला. "सगळ्या जुळ्या बहिणी आहेत गं. एकीला पाहिलंस की सगळ्यांना पाहिलंस." मग हसणं थांबवून म्हणाला की माझी नोकरी पहिले चार महिने कच्ची आहे, ते मला माहीतच असेल.

सव्वा तासात झालं. सतरा पाट्या, सतरा सह्या. दुसरा पावही खाल्ला मी.

लिहून ठेवते, कारण लाज वाटली. पण खरं सांगायचं तर सायकलवर बसेपर्यंत गेली.

१० जून, मंगळवार

दोनशे चौदा नंबरची खोली आजवर तशीच उघडी राहिली आहे. दाराला प्लॅस्टिकचा पडदा लावलाय, आणि वायरमन तिथून जाताना पाऊल उचलतात. राइमो म्हणाला, या आठवड्यात फोटो काढून बंद करून टाक तिला.

खोली झाडून पुसून स्वच्छ होती. चार भिंती, चार फोटो. मी एकटीच होते.

दुपारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर तिसऱ्या फोटोत माणूस. माझ्याकडे पाठ करून, भिंतीतल्या डबीवर वाकलेला. विटका निळा डांगरी सूट, मानेवर करडे केस. वाटलं, मी पाटी लिहीत असताना कुणीतरी आला असेल. पण खोली तीन पावलांची. तो होता तर त्याचा खांदा मला लागायला हवा होता.

तैस्तोला दाखवला. त्याचं गाणं थांबलं. "पुसून टाक तो," एवढंच म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून खाली निघून गेला.

११ जून, बुधवार

आज तैस्तोने आपणहून सांगितलं, बुटांकडे बघत. ओइवा कार्पिनेन. त्याच्याबरोबर एकतीस वर्षं काम केलेला वायरमन. मार्चमध्ये त्याच खोलीत त्याचा जीव गेला. त्याचे हात वायरींवर असताना लाइन चालू झाली.

इथे प्रत्येक वायरमनकडे स्वतःचं लाल कुलूप असतं. काम सुरू करायच्या आधी मेन बोर्डावरचा खटका पाडायचा आणि त्याला ते कुलूप लावायचं, म्हणजे दुसरा कुणी चुकूनही चालू करणार नाही. तपासणीत लिहिलं गेलं की ओइवा कुलूप लावायला विसरला. बोर्डाचा फोटोही होता, कुलूप नसलेला.

मी विचारलं, विसराळू होता का तो? तैस्तो मिशा पुसत राहिला.

१२ जून, गुरुवार

पुन्हा गेले दोनशे चौदात. मुद्दाम. भर दुपारी, खिडकीतून ऊन सांडत होतं. चार फोटो. माणूस नाही. पण डबीतून एक करडी वायर निघून दारापर्यंत गेली होती. फोटोत. भिंतीवर नाही. मी भिंतीवरून तळहात फिरवला, नुसतं लाकूड आणि धूळ.

काम मात्र देखणं. दर वितीवर क्लिप, दोरी लावल्यासारखी सरळ, आणि वळणावर लाल चिकटपट्टीचे दोन वेढे.

बाहेर येऊन पॅसेजचा फोटो काढला. वायर पॅसेजमध्ये होती. पुढे सहा पावलांवर अजून एक काढला, तिथेही. जिन्याच्या दाराशी थांबले, तर तीही तिथेच संपली.

तैस्तोला दाखवलं, तर त्याने त्या पट्टीवर बोट ठेवलं. लाल पट्टीचे दोन वेढे फक्त ओइवा द्यायचा. हे सगळे त्याला चिडवायचे, बायकोला भेट बांधतोयस का म्हणून.

१३ जून, शुक्रवार

आज कॅमेरा बाहेर काढला नाही. राइमोला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. संध्याकाळी सॉनाच्या गरम वाफेत बसले तरी अंगातली थंडी जाईना.

एक गोष्ट कळली आहे. मी जिथवर फोटो काढते तिथवरच ती वायर येते.

१६ जून, सोमवार

जिन्याचे फोटो आजच्या यादीत होते. राइमो स्वतः मागे उभा राहिला, दात कोरत. मी पटापट चार काढले आणि वर निघून गेले. पडद्यावर पाहायचा धीरच झाला नाही.

नऊला पाच मिनिटं कमी असताना पाहिलं. वायर जिना उतरून मधल्या टप्प्यापर्यंत गेलेली. टोकाचं आवरण सोललेलं, आणि तांब्याची उघडी तार कठड्याला गुंडाळलेली.

धावले. तैस्तोचं गाणं ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं.

तो जिवंत आहे. उजवा तळहात काळा पडलाय. अॅम्ब्युलन्समधल्या मुलीने तीन-तीनदा विचारलं, कशाला हात लावला याने? मीटरच्या कामासाठी सगळ्या इमारतीची वीज सकाळपासून बंद होती. कठडा नुसता सिमेंटात रोवलेला आहे. कशालाही जोडलेला नाही.

१७ जून, मंगळवार

इस्पितळात गेले. तैस्तोचा हात पांढऱ्या गोळ्यासारखा बांधलेला. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला, जणू वाटच बघत होता.

ओइवाने कुलूप लावलं होतं. त्या सकाळी राइमोला प्लास्टर वाळवायला हीटर चालू करायचे होते, तारीख अंगावर आली होती. ओइवाला हाक मारली, ओ आली नाही. तो दोन मजले वर होता, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या. राइमो म्हणाला, हा म्हातारा कुलूप लावून कॉफीला गेला असणार. मोठी कातर आणली आणि कुलूप तोडलं. तैस्तो बोर्डाचं दार धरून उभा होता. वाऱ्याने ते सारखं मिटत होतं, म्हणून.

नंतर राइमोने कुलपाचे तुकडे खिशात घातले आणि युरकीला बोर्डाचा फोटो काढायला लावला. युरकीने काढला, खाली सही केली, महिन्याभरात पळून गेला.

"मी नुसतं दार धरलं होतं गं," तैस्तो म्हणाला. रडत होता. "ओइवाला ठाऊक आहे. म्हणून तर माझा नुसता हातच घेतला त्याने."

पोलिसांना सांगशील का, असं विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. कुणी विचारलं तर तो सगळं नाकारणार आहे. दोन वर्षं राहिलीत त्याची.

१८ जून, बुधवार

ओइवाच्या बायकोकडे गेले, लेम्पी कार्पिनेन. नदीकाठी पिवळं घर, दारात सरपणाची नीट रचलेली रास. मी साइटवरून आले म्हटल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. मग कॉफी टाकली.

ओइवा घरी दिवा बदलायचा तरी फ्यूजच्या पेटीला कुलूप लावायचा, त्या सांगत होत्या. "मी ओरडायचे, अरे माझी यंत्रातली कॉफी निम्मीच झालीय! तर म्हणायचा, लेम्पी, विधवेला कॉफी गोड लागत नाही." त्यांना हसू आलं आणि ते चेहऱ्यावर तसंच अडकलं. दुकानात आता बायका हळूच म्हणतात, बिचारा, वय झालं होतं, विसरला. एकतीस वर्षं जे कधी विसरला नाही, तेच नेमकं त्याच्या नावावर लागलं.

मी तैस्तोने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला नाही, हललाही नाही तो.

म्हणाल्या, "मार्चमध्ये कुणी एक कागद लिहून दिला असता ना, ओइवाने कुलूप लावलं होतं एवढाच, खाली सही, तरी मला पुरलं असतं. मी प्रत्येकाच्या दारात गेले. आता कागद नको. आता मला त्या राइमोचा हात हवा."

मग म्हणाल्या, "आणि सगळ्यात जास्त राग मला त्या फोटोवाल्या पोराचा येतो. राइमो घाबरला होता. तैस्तो भित्राच आहे. त्या पोराला कसलीच भीती नव्हती. न बघता सही केली, बस."

मी सतरा खोल्यांबद्दल बोलले नाही.

१९ जून, गुरुवार

मी कुठे गेले होते ते राइमोला कळलं होतं. गाव लहान आहे. सकाळी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. पाव नव्हते आज. म्हणाला, "लेम्पीच्या घरी केक मस्त असतो म्हणे." मग नोंदवही उघडून माझ्यासमोर सरकवली. "सतरा सह्या. तुझ्या. माझी एकही नाही. उद्या इथं एखादी म्हातारी जळून मेली तर पोलीस माझ्याकडे येणार नाहीत, राणी. जा, कालवा थांबव आणि सुट्टी मजेत घालव." उद्यापासून युहान्नुसची, भर उन्हाळ्यातल्या सणाची सुट्टी, सगळं गाव समुद्रावर होळ्या पेटवणार.

बाहेर आले. घड्याळ बघत जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली.

साडेअकराला सगळे जेवायला गेले. मी कॅमेरा घेतला आणि कठड्यापासून सुरुवात केली. खालचा जिना. पुढचं दार. उंबरठा. चिखलावर टाकलेल्या फळ्या. प्रत्येक फोटो काढून पाहत होते, आणि प्रत्येकात वायर येऊन थांबलेली असायची, पुढच्याची वाट बघत. मी चालत होते, ती माझ्या मागून येत होती, पाळलेल्या कुत्र्यासारखी. केबिनची पायरी. केबिनची भिंत. शेवटचा फोटो दाराच्या मुठीचा.

मुठीला उघडं तांबं. लाल पट्टीचे दोन वेढे.

आणि बाजूला ओइवा. या वेळी पाठ नव्हती. शांत चेहरा, काम संपवलेल्या माणसाचा. तो मुठीकडे बघत नव्हता. कॅमेऱ्याकडे बघत होता.

राइमो सव्वाबाराला आला, हातात सॉसेजची पिशवी. मला बघून म्हणाला, "अजून इथंच? जा गं घरी!" आणि मूठ धरली.

हात सुटला नाही. तोंड उघडलं पण आवाज बाहेर आला नाही. त्याची नजर माझ्यावर होती. माझ्या पायाशी एक कोरडी फळी पडली होती. एक फटका मारला असता तर हात सुटला असता, पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. मला आठवलं. मी फळीकडे पाहिलंसुद्धा.

मग मी अकरा आकडे मोजले, स्टुडिओत पोरांना स्थिर बसवायला मोजायचे तसे.

तो पडला.

२० जून, शुक्रवार

हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. केबिनमध्ये कुठलाच दोष सापडला नाही. तळहातावरच्या काळ्या पट्ट्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

लेम्पीला फोन केला. राइमो गेल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, आज कॉफी गोड लागेल.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. गाढ झोपले. जाग आली तेव्हा पहिला विचार आला तो हा की त्या सतरा खोल्यांचं आता कुणालाच माहीत नाही. मग कळलं की फळीकडे बघतानाही मी हाच विचार करत होते.

२१ जून, शनिवार

गाव रिकामं. सगळे समुद्रावर, नाहीतर आपापल्या सुट्टीच्या घरी. आमच्या इमारतीत मी एकटीच.

कॅमेरा घरी आणला होता, फोटो पुसायला. मुठीचा फोटो शेवटचा असायला हवा होता. त्याच्यापुढे अजून सात आहेत.

मी काढलेले नाहीत ते.

साइटचं फाटक. रस्ता. पुलाचा कठडा. बेकरीची भिंत. आमच्या इमारतीचा सायकल-स्टँड, माझी सायकल. खालचं दार. पहिला मजला.

दर वितीवर क्लिप.

बॅटरी काढून ठेवली.

२१ जून, दुपार

अजून दोन. बॅटरी टेबलावर आहे आणि अजून दोन. दुसऱ्या मजल्याचं वळण. माझ्या दाराची पाटी —

मला वाटलं होतं मी त्याला नेत होते —

२२ जून, रविवार

मेन खटका पाडलाय. फ्रिज बंद. काही उपयोग नाही, माहीत आहे. त्या जिन्यातही वीज नव्हती.

सकाळचा फोटो : दाराची मूठ, आतल्या बाजूने. लाल पट्टी. बाहेर जाता येत नाही. नंतरचा : नळ. नंतरचा : टेबल, फोनपाशी तांब्याचं टोक. खिडकीची कडीसुद्धा —

लाकडी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेय. पेनाला धातूची टोपी आहे, म्हणून पेन्सिलीने लिहितेय.

बाहेर ऊन आहे. लांबून अॅकॉर्डियन ऐकू येतंय.

ऊन आहे

आता नवा फोटो आला. खुर्ची. मी, पाठमोरी, लिहिताना. म्हणजे तो माझ्या मागे —

वळणार नाही. लेम्पी, तुम्ही मागत होतात तो कागद हा. सही करते आधीच, हेल्का व्होरेला. आता लिहिते. पाहून लिहिते.

ओइवा कार्पिनेनने कुलूप लावलं होतं. राइमोने ते तोडलं. तैस्तोने दार धरलं. युरकीने न पाहता सही केली. मीही केली, सतरा वेळा. आणि राइमो मरत होता तेव्हा

पेन्सिलीतून मुंग्या येतायत. बोटं सुटत

फळी माझ्या पायाशी होती आणि मी